नवी गाडी सदोष निघाली तर: जॉब कार्डपासून ग्राहक आयोगापर्यंत

शोरूममधून हार घालून आणलेली गाडी दोन महिन्यांत तिसऱ्यांदा वर्कशॉपच्या रॅम्पवर चढली, की मालकाच्या तोंडी एकच प्रश्न येतो: ही गाडी बदलून मिळेल का?

मिळू शकते. पण अमुक वेळा दुरुस्ती फसली की गाडीच बदलून द्यायची, असा आकड्यात बांधलेला नियम भारतात नाही. अमेरिकेत राज्याराज्यांनी सदोष नव्या गाड्यांसाठी स्वतंत्र कायदे केले आहेत. आपल्याकडे मिक्सर, फ्रिज आणि वीस लाखांची एसयूव्ही या सगळ्यांना एकच कायदा लागतो, ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९. जुलै २०२० पासून तो अमलात आहे. त्याच्या कलम ३९ खाली आयोग दोष दूर करायला सांगू शकतो, तशीच नवी निर्दोष वस्तू द्यायला सांगू शकतो, व्याजासह किंमत परत द्यायला लावू शकतो, वर नुकसानभरपाई आणि खर्चही देऊ शकतो. एवढे अधिकार असूनही पुष्कळ ग्राहक हात हलवत परत येतात. कारण गाडीत दोष होता हे सिद्ध करायची जबाबदारी तक्रारदारावर असते, आणि पुराव्याचे कागद जिथे तयार होतात त्या सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर त्याने नुसती सही करून गाडी ताब्यात घेतलेली असते. म्हणून या लेखात आयोगाइतकीच जागा मी वर्कशॉपला दिली आहे.

ताबा घेण्याआधी

मुहूर्त ठरलेला असतो, घरची मंडळी तयार होऊन बसलेली असतात, आणि त्या घाईत गाडी नीट न बघता घेतली जाते. डिलिव्हरीच्या दिवशी बघून फारसा उपयोगही नसतो, कारण तोवर विमा आणि नोंदणी तुमच्या नावावर झालेली असते. नोंदणीशिवाय, निदान तात्पुरत्या नोंदणीशिवाय, डीलरला गाडी ताब्यात देताच येत नाही. त्यामुळे चॅसिस नंबर तुमच्या नावे पडला, पण विमा आणि नोंदणीचे पैसे अजून भरले नाहीत, हीच गाडी तपासायची खरी वेळ. स्टॉकयार्डवर जा, दिवसाउजेडी जा. चॅसिस नंबर, इंजिन नंबर, ओडोमीटरचं रीडिंग आणि टायरवर छापलेला उत्पादनाचा आठवडा यांचे फोटो घ्या. दारांच्या कडा आणि बॉनेटचे बोल्ट बघा. बोल्टवरचा रंग उडाला असेल तर तो भाग कधीतरी उघडलेला आहे. विक्री प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म २१, यावर निर्मितीचा महिना आणि वर्ष असतं. ते बिलाशी आणि सेल्समनच्या बोलण्याशी ताडून बघा.

हा सल्ला कुणाला अतिरेकी वाटला तर गोव्यातलं एक प्रकरण सांगतो. ग्राहकाला आधी चालवलेली, जुन्या वर्षाची गाडी नवी म्हणून दिली गेली. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. फेब्रुवारी २०२१ मध्ये न्यायालयाने टाटा मोटर्सला जबाबदारीतून मोकळं केलं. कंपनी आणि डीलर यांचं नातं दोन स्वतंत्र व्यापाऱ्यांचं असतं आणि डीलरच्या या कृत्यात कंपनीचा हात होता असा पुरावा नव्हता, हे त्यामागचं कारण. डीलरची जबाबदारी मात्र सुटली नाही. दोष कारखान्यात झाला की डीलरच्या आवारात, हा भेद पुढे प्रत्येक टप्प्यावर भेटतो.

जॉब कार्ड: तुमचा पहिला पुरावा

गाडी सर्व्हिसला दिली की सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर टॅबवर किंवा कागदावर जॉब कार्ड उघडतो. तुम्ही म्हणता, ‘गाडी चढाला एकदम दम तोडते, मागे ट्रकवाला हॉर्न मारतो, पाय दाबला तरी काही होत नाही.’ तो टाइप करतो: ‘पिकअप लो, चेक.’ संध्याकाळी गाडी परत येते. कार्डावर शेरा असतो, ‘चेक्ड, ओके’. खाली ‘कामाबद्दल समाधानी’ या ओळीपुढे तुमची सही असते, कारण त्या सहीशिवाय गेट पास मिळत नाही.

सहा महिन्यांनी हाच कागद आयोगासमोर येतो, आणि तो तुमच्या विरोधात बोलतो. सामनेवाल्यांचा वकील म्हणतो, ‘तक्रार किरकोळ होती, ती दूर केली, ग्राहक समाधानी होता.’ याला तोडीस तोड उत्तर पुढे देता येत नाही, म्हणून काळजी तिथल्या तिथे घ्यायची.

तक्रारीची ओळ तुम्ही सांगाल तशीच लिहून घ्या. कोणत्या वेगाला, कोणत्या गिअरमध्ये, इंजिन थंड असताना की तापल्यावर, किती वेळा, कोणता दिवा लागला, हे सगळं त्यात यायला हवं. उदाहरणार्थ: ‘घाटात दुसऱ्या गिअरमध्ये तीस-चाळीसच्या वेगाला अ‍ॅक्सिलरेटर दाबूनही गाडी ओढ घेत नाही, चेक इंजिनचा दिवा लागतो, गाडी बंद करून पुन्हा सुरू केली की दिवा जातो, मागील भेटीतही हीच तक्रार.’ शेवटचे चार शब्द सगळ्यांत मोलाचे आहेत. तोच दोष वारंवार आला हे दाखवण्यासाठी प्रत्येक कार्डावर आधीच्या भेटीचा उल्लेख असला पाहिजे. अ‍ॅडव्हायझर एवढं लिहायला तयार नसेल, तर त्याच काउंटरवर उभं राहून सर्व्हिस सेंटरच्या ईमेलवर मजकूर पाठवा आणि त्याचा उल्लेख कार्डावर हाताने करा. दोष गेलेला नसताना सही करावीच लागली तर सहीच्या वर स्वच्छ अक्षरात लिहा: ‘दोष कायम आहे, गाडी निषेध नोंदवून ताब्यात घेत आहे.’ असं लिहिण्यापासून तुम्हाला कुणी रोखू शकत नाही.

गाडी किती दिवस वर्कशॉपमध्ये पडून होती, हे गाडी दिल्याच्या आणि परत घेतल्याच्या तारखांवरून सिद्ध होतं. म्हणून कार्डाच्या दोन्ही बाजूंची प्रत घ्या. वॉरंटीतल्या कामाचं शून्य रुपयांचं बिलही मागून घ्या, कारण कोणता पार्ट बदलला हे त्यावरच असतं. गाडीला स्कॅनर जोडला असेल तर एरर कोडची प्रिंट किंवा पडद्याचा फोटो मागा. चालवताना दोष येतो तेव्हा शेजारी बसलेल्या माणसाला व्हिडिओ घ्यायला सांगा. डॅशबोर्ड, ओडोमीटर आणि आवाज एकाच चित्रणात यायला हवेत. इलेक्ट्रिक गाडी असेल तर बॅटरीच्या तब्येतीचा अहवाल, चार्जिंगच्या नोंदी आणि प्रत्येक सॉफ्टवेअर अपडेटची तारीख जपा. अपडेट झाल्यावर आधीचे कोड दिसेनासे झाले तर मागचं काहीच दाखवता येत नाही.

या काळात दोन पथ्यं. बाहेरच्या गॅरेजमध्ये वायरिंगला हात लावू देऊ नका. बाहेरचा सीएनजी किट, बाहेरची म्युझिक सिस्टीम, बाहेरचे दिवे काहीच नको. आणि वेळापत्रकातली एकही सर्व्हिस चुकवू नका. ‘ग्राहकानेच छेडछाड केली’ आणि ‘देखभाल केली नाही’ हे बचाव ठरलेलेच असतात, आणि सदोष वस्तूमुळे झालेल्या इजेच्या, म्हणजे उत्पादन दायित्वाच्या, दाव्यात तर वस्तूचा गैरवापर किंवा तिच्यात केलेला बदल हा कायद्यानेच बचाव मानलेला आहे.

कंपनीला लेखी कळवणं

दुसऱ्या फसलेल्या दुरुस्तीनंतर डीलरच्या आश्वासनांवर थांबू नका. उत्पादक कंपनीच्या ग्राहक विभागाला ईमेल करा, त्यात चॅसिस नंबर, खरेदीची तारीख, प्रत्येक भेटीची तारीख आणि किलोमीटर, आणि सगळ्या जॉब कार्डांच्या प्रती जोडा. कंपनीचा विभागीय तांत्रिक अधिकारी येऊन गाडी बघेल आणि लेखी अहवाल देईल, अशी मागणी करा. बरेचदा हा अधिकारी येतो, गाडी चालवतो आणि तोंडी सांगतो, ‘या मॉडेलचं हे कॅरॅक्टरिस्टिक आहे.’ त्याच दिवशी ते बोलणं ईमेलमध्ये लिहून कंपनीला पाठवा: आपल्या अधिकाऱ्यांनी आज असं सांगितलं, हे मला मान्य नाही. शक्य असेल तर त्याच मॉडेलची शोरूममधली डेमो गाडी त्याच रस्त्यावर चालवून बघण्याची मागणी करा. दोन्ही गाड्यांच्या वागण्यात फरक दिसला तर ‘कॅरॅक्टरिस्टिक’ हे उत्तर टिकत नाही.

याच काळात राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. मराठीतून बोलता येतं, खर्च नाही. हेल्पलाइनला आदेश काढायचा अधिकार नाही. ती तक्रार कंपनीकडे पोचवते आणि उत्तर मागते. पण मोठ्या कंपन्यांची फाइल कधीकधी इथेच हलते, आणि नाही हलली तरी कंपनीचं लेखी उत्तर हाती येतं. पुण्यात १९७४ साली बिंदुमाधव जोशींनी सुरू केलेली ग्राहक पंचायतीची चळवळ आणि मुंबई ग्राहक पंचायत यांचे अनुभवी कार्यकर्ते मार्गदर्शन करतात. वकिलाकडे जायच्या आधी कागद एकदा त्यांच्या नजरेखालून घाला.

मग नोटीस. कायद्याने ती सक्तीची नाही, पण द्यावी. डीलर आणि उत्पादक दोघांच्याही नोंदणीकृत पत्त्यावर स्पीड पोस्टने पाठवा, ईमेलनेही पाठवा. पंधरा दिवसांची मुदत द्या आणि नक्की काय हवं ते लिहा.

हप्त्यांविषयी इथेच सांगतो. गाडी उभी आहे म्हणून कर्जाचे हप्ते थांबवू नका. बँकेचा करार वेगळा असतो, तिला गाडीच्या दोषाशी देणंघेणं नसतं. हप्ता चुकला तर क्रेडिट स्कोअर बिघडतो आणि गाडी जप्त होण्याची वेळ आली तर तुमचा मुख्य पुरावाच हातातून जातो. भरलेलं व्याज नुकसानभरपाईत मागता येतं.

गाडी बदलून मागायची की दुरुस्ती?

‘वॉरंटीत पार्ट बदलून मिळतो, गाडी नाही,’ हे वाक्य डीलर ठामपणे ऐकवतो, आणि त्याला आधार आहे. २००६ साली मारुती उद्योगच्या एका प्रकरणात, क्लचच्या तक्रारीवरून, सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की वॉरंटीची अट सदोष भाग दुरुस्त करण्याची किंवा बदलण्याची असेल तर त्यावरून अख्खी गाडी बदलून द्यायचा आदेश काढता येणार नाही. ग्राहकाला त्या वेळी ५०,००० रुपये भरपाई मिळाली. हा निकाल कंपन्यांच्या प्रत्येक लेखी जबाबात असतोच, तेव्हा तो तुम्हालाही माहीत हवा.

पण चित्र इथे संपत नाही. २०१० साली फियाटच्या गाडीच्या प्रकरणात इंजिन बदलूनही तक्रार राहिली होती. तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने स्वतंत्र तांत्रिक तज्ज्ञाकडून तपासणीचा मार्ग घेतला आणि उत्पादनातला दोष आढळला तर ग्राहक किंमत परत मिळण्यास पात्र ठरेल असं म्हटलं. एप्रिल २०२२ मध्ये ह्युंदाईच्या क्रेटा गाडीचं प्रकरण आलं. अपघातात एअरबॅग उघडल्याच नव्हत्या. धडक पुरेशा जोराची नव्हती, असा कंपनीचा बचाव. न्यायालयाने तो फेटाळला. धडकेचा वेग आणि बल यांची गणितं मांडायला ग्राहक काही भौतिकशास्त्राचा तज्ज्ञ नसतो, असं न्यायालय म्हणालं. भरपाईबरोबर गाडी बदलून देण्याचा आदेशही कायम राहिला.

तिन्ही निकाल एकत्र वाचले की मला यातून असं दिसतं: सुटा पार्ट खराब आहे आणि तो बदलल्यावर गाडी नीट चालते, तर आयोग गाडी बदलायला सांगणार नाही, आणि ते मागून आपण आपलीच तक्रार कमकुवत करतो. दोष गाडीच्या मुळाशी असेल, दुरुस्ती करूनही तोच परत येत असेल, किंवा सुरक्षेची यंत्रणा ऐनवेळी दगा देत असेल, तेव्हा बदलीची किंवा पैसे परत करण्याची मागणी उभी राहते. एसीची गॅस गळती, डॅशबोर्डची खडखड, दाराचं रबर या तक्रारींची बेरीज करून ‘उत्पादनातला दोष’ होत नाही. त्यांची भरपाई जरूर मागा, पण वेगळी.

किलोमीटरही बघितले जातात. पन्नास हजार किलोमीटर पळालेल्या गाडीबद्दल ‘पहिल्या दिवसापासून चालवण्यालायक नव्हती’ असं म्हणणं पटवून देणं फार कठीण. गाडी धोकादायक असेल तर ती चालवू नका, आणि का चालवत नाही हे लेखी कळवा.

तज्ज्ञाचा अहवाल

सगळ्या तक्रारीचा कणा हा अहवाल आहे. तुमचे फोटो, व्हिडिओ, जॉब कार्डं दोष होता हे दाखवतात. दोष कारखान्यातून आला की वापरातून, हे जाणकारच सांगू शकतो. तपासणीशिवाय दोष ठरवता येत नसेल तर आयोगाने ती वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे पाठवायची आणि अहवाल ४५ दिवसांत मागवायचा, अशी तरतूद कलम ३८ मध्ये आहे. तपासणीची फी आधी तक्रारदाराला भरायला सांगितली जाते.

यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो आणि तो तक्रारीबरोबरच द्यावा. उशीर केला तर गाडी बदललेल्या अवस्थेत असते, किंवा सामनेवाले म्हणतात की आता वापरामुळे काय झालं ते सांगता येत नाही. अर्जात तज्ज्ञ संस्था सुचवा. शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयाचा किंवा तंत्रनिकेतनाचा ऑटोमोबाइल विभाग बहुतेक जिल्ह्यांच्या आवाक्यात असतो. पुण्यातली एआरएआय ही गाड्यांच्या चाचण्या करणारी देशातली नामवंत संस्था आहे, पण तिथली चाचणी सगळ्यांना परवडेल असं नाही. संस्थेच्या नावाबरोबर तिला विचारायचे प्रश्नही अर्जात लिहा. ‘गाडी तपासावी’ एवढ्यावर अहवाल मोघम येतो. ‘घाटात भार असताना इंजिनची शक्ती कमी होते का? होत असल्यास कारण कोणता घटक? तो दोष वापरामुळे होणं शक्य आहे का? दुरुस्तीने कायमचा जाईल का?’ असे चार नेमके प्रश्न दिले की तज्ज्ञाला नेमकं उत्तर द्यावंच लागतं. तपासणीच्या वेळी हजर राहा. अहवाल विरोधात गेला तर त्यावर लेखी हरकत घेण्याचा हक्क तुम्हाला आहे, आणि तोच हक्क समोरच्यालाही आहे.

कुठे, किती मुदतीत, किती खर्चात

आता हिशेब. तक्रार कोणत्या आयोगाकडे जाणार हे तुम्ही गाडीसाठी दिलेल्या किमतीवर ठरतं. भरपाई किती मागता यावर ठरत नाही. ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग, त्यावर २ कोटींपर्यंत राज्य आयोग, त्यापुढे राष्ट्रीय आयोग. म्हणजे जवळजवळ प्रत्येक गाडीची तक्रार जिल्ह्यातच जाते. गाडीला आग लागून माणूस दगावल्याच्या एका प्रकरणात कुटुंबाने पन्नास कोटींहून जास्त भरपाई मागितली होती, तरी किंमत मर्यादेत असल्याने जिल्हा आयोगाकडेच जावं लागणार होतं. किमतीवर अधिकारक्षेत्र ठरवण्याच्या या नियमाला त्यात आव्हान दिलं गेलं, आणि एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नियम वैध ठरवला.

फी नाममात्र आहे. ५ लाखांपर्यंतच्या गाडीला काहीच नाही, १० लाखांपर्यंत २०० रुपये, २० लाखांपर्यंत ४००, ५० लाखांपर्यंत १,०००.

कोणत्या जिल्ह्यात? तुम्ही राहता किंवा नोकरीधंदा करता त्या जिल्ह्यात. समजा तुम्ही साताऱ्याला राहता आणि गाडी पुण्याच्या शोरूममधून घेतली, कंपनीचं मुख्यालय चेन्नईला आहे. तक्रार साताऱ्यातच दाखल होईल. ही सोय २०१९ च्या कायद्याने दिली. बिलाच्या पाठीमागे ‘वाद झाल्यास अमुक शहराचंच न्यायक्षेत्र’ असं छापलेलं असलं तरी घाबरायचं कारण नाही.

मुदत दोन वर्षांची, तक्रारीचं कारण घडलं तेव्हापासून. इथे फार जण फसतात. पत्रव्यवहार चालू आहे, कंपनी ‘बघतो’ म्हणते आहे, म्हणून मुदत पुढे सरकत नाही. दोष पहिल्यांदा जॉब कार्डावर आला ती तारीख धरून दोन वर्षं मोजा आणि त्याच्या आत दाखल करा. उशीर झालाच तर सबळ कारणासह विलंबमाफीचा अर्ज करता येतो, पण तो मंजूर होईलच असं नाही.

गाडी टॅक्सी म्हणून घेतली असेल तर? व्यापारी हेतूने घेतलेली वस्तू या कायद्यात बसत नाही, पण स्वयंरोजगाराने पोट भरण्यासाठी घेतलेली बसते. स्वतः चालवणाऱ्या टॅक्सीवाल्याने ‘ही गाडी मी केवळ उपजीविकेसाठी, स्वयंरोजगारासाठी घेतली आहे’ हे वाक्य तक्रारीत लिहिलंच पाहिजे. कंपनीच्या नावावर, पण संचालकाच्या वैयक्तिक वापरासाठी घेतलेली गाडीसुद्धा निव्वळ कंपनीच्या नावामुळे व्यापारी हेतूची ठरत नाही, हे जुलै २०२४ मध्ये मर्सिडीज गाड्यांच्या प्रकरणांत स्पष्ट झालं आहे.

तक्रार अर्ज लिहिताना

वकील लावणं सक्तीचं नाही. स्वतः बाजू मांडता येते आणि महाराष्ट्रातल्या जिल्हा आयोगांत मराठीतून तक्रार चालते. जानेवारी २०२५ पासून ‘ई-जागृती’ पोर्टल सुरू आहे, त्यावर ऑनलाइन दाखल करता येतं. दोष तांत्रिक आणि गाडी महाग असेल तर मात्र ग्राहक आयोगात नेहमी काम करणारा वकील लावावा, असं माझं मत आहे. तज्ज्ञाच्या अहवालावर प्रश्न विचारणं प्रत्येकाला जमतंच असं नाही.

सामनेवाले म्हणून डीलर आणि उत्पादक दोघांनाही घ्या, आणि कुणी काय चुकवलं हे वेगवेगळं लिहा. कंपनीने सदोष गाडी बनवली. डीलरने ती न तपासता दिली, दुरुस्तीत हयगय केली. गोव्याच्या प्रकरणाने हेच शिकवलं की एकाचं पाप दुसऱ्याच्या खात्यावर आपोआप जात नाही.

घटना तारखेच्या क्रमाने मांडा. प्रत्येक भेटीला एक परिच्छेद: तारीख, किलोमीटर, तक्रार, त्यांनी काय केलं, किती दिवस गाडी अडकली, आणि जॉब कार्डाचा निशाणी क्रमांक. विशेषणं गाळा. ‘लुटारू कंपनी’ लिहून काही मिळत नाही. ‘ओडोमीटर ३,४१२ असताना तिसऱ्यांदा गिअरबॉक्स उघडला’ हे वाक्य काम करतं.

मागण्यांचा परिच्छेद सगळ्यात काळजीने लिहा, कारण जे मागितलंच नाही ते मिळण्याची आशा धरता येत नाही. आधी मुख्य मागणी: त्याच मॉडेलची नवी निर्दोष गाडी, नाहीतर गाडी परत घेऊन पूर्ण ऑन-रोड रक्कम व्याजासह. ऑन-रोड म्हणताना रस्ता कर, नोंदणी, विमा, एक्स्टेंडेड वॉरंटी वेगवेगळ्या आकड्यांत दाखवा. मग पर्यायी मागणी: इंजिन किंवा गिअरबॉक्स नवा, वाढीव वॉरंटीसह. त्यानंतर टॅक्सीचा खर्च पावत्यांसह, मानसिक त्रासाची भरपाई, तक्रारीचा खर्च. सोबत शपथपत्र, बिल, आरसी, वॉरंटी पुस्तिका, सगळी जॉब कार्डं, ईमेल, नोटीस आणि पोच.

दाखल झाल्यावर

तक्रार स्वीकारायची की नाही हे साधारण २१ दिवसांत ठरायचं असतं. नोटीस बजावल्यावर सामनेवाल्यांना जबाब द्यायला ३० दिवस, फार तर आणखी १५. या ४५ दिवसांपुढे मुदत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये ठरवून दिलं आहे, तेव्हा सामनेवाल्यांनी तारखा मागितल्या तर हे आयोगाच्या लक्षात आणून द्या. तपासणी लागणाऱ्या तक्रारीचा निकाल पाच महिन्यांत द्यावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात वेळ लागतो, मनाची आणि खिशाची तयारी ठेवा. मधल्या काळात गाडीची सक्तीची विक्री किंवा वर्कशॉपचं पार्किंग भाडं यांसारखा प्रश्न आला तर अंतरिम आदेश मागता येतो.

सुरुवातीला मध्यस्थी सुचवली जाते. ती झिडकारू नका. कंपन्या जाहीर निकाल टाळायला बऱ्याचदा इथे पुढे सरकतात. फक्त ‘गुडविल’ म्हणून मोफत सर्व्हिसची कुपनं पुढे केली तर ती तडजोड मानू नका.

पोलिसांत फसवणुकीची फिर्याद द्यावी का, असंही विचारलं जातं. २००९ साली घेतलेल्या एका बीएमडब्ल्यूबाबत तशी फिर्याद झाली होती. उच्च न्यायालयाने ती रद्द करून नवी गाडी द्यायला सांगितलं, ग्राहकाने गाडी नाकारली, आणि जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीला ग्राहकाला ५० लाख रुपये द्यायला सांगून प्रकरण मिटवलं. मध्ये जवळजवळ पंधरा वर्षं गेली. दोषाच्या तक्रारीला ग्राहक आयोगच योग्य जागा.

इजा झाली असेल तर

एअरबॅग, ब्रेक, आग, सीटबेल्ट यांतून शारीरिक इजा झाली तर २०१९ च्या कायद्यातला उत्पादन दायित्वाचा भाग लागू होतो, कलम ८२ ते ८७. तो इजा, मृत्यू, इतर मालमत्तेचं नुकसान यांसाठी आहे. गाडीच्या स्वतःच्या बिघाडाची भरपाई त्यात येत नाही, तिच्यासाठी नेहमीची दोषाची तक्रार. अशा वेळी अपघातग्रस्त गाडी भंगारात जाऊ देऊ नका. विमा कंपनी टोटल लॉस ठरवून गाडी उचलण्याची घाई करते. त्याआधी सर्व्हेअरचा अहवाल, पंचनामा आणि स्वतंत्र तपासणी करून घ्या. गाडी गेली की एअरबॅगचा सेन्सरही गेला.

एकाच मॉडेलच्या अनेक गाड्यांत सुरक्षेचा दोष असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ११०अ खाली केंद्र सरकार गाड्या परत बोलावण्याचा आदेश देऊ शकतं. त्याचे नियम एप्रिल २०२१ पासून लागू आहेत आणि परिवहन मंत्रालयाच्या ‘वाहन’ संकेतस्थळावर मालकांना तक्रार नोंदवता येते. तिथली तुमची नोंद तुमच्यासारख्या इतरांच्या नोंदींत मिळते, म्हणून ती जरूर करा. कंपनीने स्वतःहून रिकॉल जाहीर केला असेल तर चॅसिस नंबर टाकून बघा आणि ती जाहिरात तक्रारीला जोडा.

निकालानंतर

जिल्हा आयोगाच्या निकालाविरुद्ध राज्य आयोगात ४५ दिवसांत अपील करता येतं. कंपनीला अपील करायचं असेल तर आदेशातल्या रकमेच्या निम्मी रक्कम आधी भरावी लागते. स्थगिती नसताना आदेश पाळला नाही तर दरखास्त, म्हणजे आदेशाच्या अंमलबजावणीचा अर्ज, दाखल करा. कलम ७२ खाली एक महिना ते तीन वर्षं कैद किंवा किमान २५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. दरखास्तीत वसुलीबरोबर हे कलमही घाला.

पैसे परत घेऊन गाडी सोडताना घाई नको. कर्ज असेल तर रकमेतून आधी बँक फेडून ना-हरकत दाखला आणि आरसीवरचा कर्जाचा बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ घ्या. गाडी देताना ओडोमीटरचं रीडिंग, तारीख, वेळ आणि दोन्ही चाव्या दिल्याची पावती डीलरच्या शिक्क्यासह घ्या. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून आरटीओत नाव बदललं की नाही याचा पाठपुरावा करा, विमा रद्द करा, फास्टॅग बंद करा. आरसीवर तुमचं नाव राहिलं आणि ती गाडी कुणी रस्त्यावर काढली, तर चलन तुमच्याच मोबाइलवर येईल आणि अपघात झाला तर नोटीसही तुमच्याच दारात.